आमच्या घरात कुणाला उतत न्हाई

मैदानाची एक फेरी, एवढंच धावायचं होतं मला. पोलीस भरतीची लेखी परीक्षा पास झाले होते. आता कलबुर्गीच्या मैदानावर दिलेल्या वेळात एक फेरी मारली की नोकरी हातात. तसल्या दहा-दहा फेऱ्यांएवढं मी रोज सकाळी पळत होते, आमच्या निर्णा गावात, रानाकडं जाणाऱ्या गाडवाटेवर. शेताला जाणाऱ्या बायका हसायच्या, "हिच्या मागं कुत्रं लागलंय काय गं?" कुत्रं नव्हतं, बाई. मागं लग्न होतं.

तेही मामाशी. आमच्या भागात बहिणीच्या पोरीवर भावाचा पहिला हक्क. पुण्याकडच्यांना हे सांगितलं की ते तोंडाला पदर लावतात. लावू देत. आमच्याकडं कुणाला त्यात काही वाटत नाही, मला मात्र वाटायचं. मी सातवीत असताना वडील गेले. तेव्हा आईचा सगळ्यात धाकटा भाऊ, हा मामा, अफजलपूरकडून चार दिवसांसाठी म्हणून आला आणि राहिलाच. आमचं रान त्यानं कसलं, म्हशी त्यानं धुतल्या, मला सायकलवर शाळेत त्यानं सोडलं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. पण ज्यानं माझं शेंबडं नाक पुसलंय त्याच्यासमोर अंतरपाट धरून मी कशी उभी राहू?

हे मी आईला एकदाच बोलून दाखवलं. ती म्हणाली, "परक्या दगडापेक्षा घरची वीट मऊ. आन् तो कुणासाठी थांबलाय इतकी वर्सं? माझ्यासाठी?"

शेवटी तिनंच तोड काढली. भरतीत लागलीस तर जा, मी आडवी येत न्हाई. न्हाई लागलीस तर अक्षता, आणि मग रडायचं न्हाई. माझी वयाची मर्यादा त्या वर्षी संपत होती. म्हणजे फेरी एक आणि संधीपण एकच. मी म्हणाले, चालतंय.

गंमत बघा, मला पळायला शिकवलं ते मामानंच. तो बांधावर गाडी लावायचा, मोबाइलमध्ये वेळ बघायचा आणि ओरडायचा, "हात हलव, हात! काय वरातीत चालल्यासारखी चालायलीस?" एक दिवस मी दम खाता खाता त्याला विचारलं, "मामा, मी पास झाले तर तू काय करशील?"

"गावाकडं जाईन. ऊस हाय की आमचा."

"आन् हितलं रान?"

"अक्का बघंल. न्हाई तर बटईनं दील." तो हसला. "बोलायलीस काय, पळ."

आई तिथंच तुरीत खुरपत होती. तिनं मान वर केली नाही.

भरतीच्या नऊ दिवस आधी गाडवाटेच्या चाकोरीत माझा पाय पडला. पाऊस पडून गेल्यावर ट्रॅक्टरनं केलेली चाकोरी, वाळून दगड झालेली. पाऊल आत राहिलं आणि मी पुढं गेले. गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला. आगं आई गं! दुखण्याच्या आधी मला त्या आवाजाचीच भीती वाटली. मामा बांधावरून पळत आला, मला उचललं, गाडीवर बसवलं आणि तसाच हुमनाबादला घेऊन गेला. हायवेच्या लॉऱ्यांमधून तो गाडी अशी काढत होता की माझं गुडघ्याचं दुखणं मागं पडलं आणि जिवाची भीती पुढं आली.

डॉक्टरनं फोटो काढला. हाड शाबूत होतं. पाय हलवायचा नाही, बर्फ लावायचा, सूज पाच-सहा दिवसांत ओसरेल. मी विचारलं, एक फेरी? त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "पट्टा घट्ट बांधून मार. एकच मार. त्यानंतर महिनाभर झोपून राहा." मी तिथंच रडले. मामा पण रडला, मूर्ख.

आणि खरंच, सूज उतरायला लागली. मामा रोज सकाळी बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात बांधून बर्फ आणायचा. आई भाकरी द्यायची, पाय उशीवर ठेवायची. सहाव्या दिवशी मी अंगणात चालले. सातव्या दिवशी पट्टा बांधून दहा पावलं पळाले. गुडघा कुरकुरला, पण धरून राहिला. मी ओरडले, "आई, बघ!" आई चुलीपुढं होती. तिनं बघितलं.

त्याच दुपारी तिनं मामाला बाजाराला पाठवलं, बिब्बे आणायला.

बिब्बा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काळं चपटं बी असतं. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं तेल सुटतं. सांधा धरला, मुका मार लागला, टाच फुटली, की आमच्याकडं आधी बिब्बा, मग डॉक्टर. पुष्कळांना गुण येतो. पण एखाद्याला तो उततो. म्हणजे लावलेल्या जागी कातडी भाजल्यासारखी फुगते, फोड येतात, खाज अंगभर पळते, तोंड सुजतं. कुणाला उततो ते लावल्याशिवाय कळत नाही. पण एकदा कळलं की घरातलं माणूस ते जन्मभर विसरत नाही.

मामा चार बिब्बे घेऊन आला आणि दारातच थांबला. "अक्का, डॉक्टरनं तर कायबी लावू नको म्हणलाय. आन् हिला उतलं तर?"

"कामून उतंल? आमच्या घरात कुणाला उतत न्हाई." आई वात सारखी करत होती. "जरा सूज राहिलीय, तेवढी एका दिसात ओढून घेतंय. पोरीला परवा पळायचंय का न्हाई?"

मी पाय पुढं केला. खोटं कशाला बोलू, मीच केला. सूज राहिली होती, भीती राहिली होती, आणि माझी आई पहिल्यांदाच माझ्या पळण्यासाठी काहीतरी करायली होती. तिनं गुडघ्याच्या वाटीभोवती तेलाचा गोल काढला, मग मागच्या खळगीत लावलं, जिथं पट्टा बसतो. हात अजिबात हलला नाही तिचा. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा डावा डोळा उघडत नव्हता. गुडघ्यावर पांढरे-पिवळे फोड, द्राक्षाएवढे, एकाला एक चिकटलेले. मांडीपर्यंत लाल. अंगात ताप. मी खाजवून खाजवून रक्त काढलं. आईनं खोबरं चावून त्याचा लगदा लावला, तिळाचं तेल लावलं, आणि मामावर ओरडली. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "कसले बिब्बे आणलास रे? कच्चे आणलास, कच्चे! पोरीचं वाटोळं केलास!"

मामा खांबाला धरून उभा होता. उरलेला एक बिब्बा त्यानं हातात घेऊन उलटा-पालटा करून बघितला आणि म्हणाला, "मला कच्चं-पक्कं कळलं न्हाई, अक्का." मीही त्याला काय काय बोलले. बैल म्हणाले. तू मुद्दाम आणलास म्हणाले, तुला मी बायको पाहिजे म्हणून. त्याचं तोंड पांढरं पडलं.

तरी मी गेले. पहाटेच्या बसनं मामाच घेऊन गेला. मैदानावर पोरींच्या रांगा, छातीवर नंबर. पट्टा फोडांवर बसेना. मी तो काढून मामाच्या हातात दिला आणि तशीच उभी राहिले. शिट्टी झाली. पहिल्या कोपऱ्याला मी दोघींच्या पुढं होते, हे मी अजून कुणालाही सांगते. दुसऱ्या कोपऱ्यावर फोड फुटायला लागले, पँट आतून चिकटली आणि प्रत्येक पावलाला कातडीसकट सुटली. ज्याचं जळतं त्याला कळतं. तिसऱ्या कोपऱ्यावर गुडघा आत वळला आणि मी तोंडावर पडले. उठले. लंगडत लंगडत रेघ ओलांडली, हातानं मांडी ओढत. तिथला माणूस हातातल्या घड्याळाकडं बघून कन्नडमध्ये म्हणाला, टाईम आयतु, होगम्मा. वेळ संपली, जा बाई. आवाजात राग नव्हता. अजून पुष्कळ पोरींची वेळ घ्यायची राहिली होती त्याची.

गावातल्या बायकांना विषय मिळाला. "नाचता येईना, अंगण वाकडं. पळता येईना, बिब्बा कच्चा." दीड महिन्यात अक्षता पडल्या. गुडघ्यावरची कातडी काळी, सुरकुतलेली झाली होती. पाटावर मांडी घालता येईना, म्हणून पाय पुढं सोडून बसले. भटजींनी दोनदा सांगितलं, पाय मोडून बसा. मामा त्यांना म्हणाला, "राहू द्या." तेवढंच बोलला तो लग्नात.

लग्न झाल्यावरही मी त्याला मामाच म्हणते. आई म्हणायची, नवऱ्याला मामा म्हणू नये, लोक हसतात. म्हणून तर म्हणते. चार माणसांत जरा मोठ्यानं म्हणते.

त्यानं सगळं सोसलं. चहा तो करतो, पाणी तो भरतो. गुडघ्यात पाणी होतं म्हणून मला खाली बसून भांडी घासता येत नाहीत, तर भांडी पण तोच घासतो. गावात त्याला बायकोचा गडी म्हणतात. रात्रंदिवस त्याच्या मनात एकच, की बिब्बे मी आणले.

मग मुलगी झाली. सहाव्या दिवशी शेजारची म्हातारी आली. लेकराला सर्दी होऊ नये म्हणून पोटावर बिब्ब्याची फुली काढतात आमच्याकडं. म्हातारीनं सुईला बिब्बा टोचला, दिव्यावर धरला, बाळाचं झबलं वर केलं. आई परसात होती. ती आत आली, बघितलं आणि म्हातारीच्या हातावर असा फटका मारला की सुई कोपऱ्यात उडाली.

"बिब्बा नक्को! लेकराला मारतीस का काय? आमच्या घरात बायकांना उततंय. मला उततंय. ही जन्मली तवा हिला अशीच फुली काढली होती, तर पंधरा दिस पोट सोलून निघालं होतं, वाचली म्हणून नशीब..."

बोलता बोलता ती थांबली. म्हातारीला काही कळलं नाही, ती आपला हात चोळत बसली. मी बाजेवर होते, आईकडं बघत.

म्हातारी गेल्यावर मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

आईनं झबलं खाली ओढलं, लेकराला दुपट्यात गुंडाळलं. मला वाटलं, नाही म्हणेल. रडेल. पाया पडेल. मी त्याचीच वाट बघत होते.

"व्हय. ठाऊक होतं," ती म्हणाली. "तू खाकी घालून गेली असतीस, तो उसाला गेला असता. मी ह्या भिंतीसंगं बोलले असते का? नवरा मेला तवा मी न्हाई पळाले." मग लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं. "पाज त्याला. भुकेलंय."

मी पाजलं. दुसरं काय करणार होते? दारातून मामा दिसत होता. लेकराचे लंगोट धुऊन दोरीवर वाळत घालत होता, एकेक झटकून, कडा सारख्या करून. आमच्या गावात कुठला बाप्या लंगोट धुतो? नुसतं हाक मारून सांगायचं होतं, मामा, तुझे बिब्बे कच्चे नव्हते. त्याची पाठ सरळ झाली असती. तोंडात शब्द आला होता. मी तो गिळला.

तेव्हापासून तो गिळूनच आहे. कारण सांगते, लाज कसली. आईला शिक्षा देता येत नाही मला. ती लेक सांभाळते, भाकरी करते, तिच्याशिवाय माझं पान हलत नाही. आणि कुणीतरी तर भरलं पाहिजे माझ्या त्या फेरीचं. तो भरतो. न मागता भरतो, निमूट भरतो. तो चांगला आहे हे मला सातवीपासून माहीत आहे. म्हणून तर जमतं.

लेक आता पाच वर्षांची आहे. परवा अंगणात पळत होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, हात अगदी बरोबर हलवत. मी ओट्यावर पाय पसरून बसले होते, मामा माझ्या गुडघ्याला कोमट तेल लावत होता. थंडी पडली की हे रोजचंच आहे. आई पलीकडं तूर पाखडत होती. लेक धडपडली, उठली, परत पळाली. मामा तिच्याकडं बघत राहिला. त्याचा हात माझ्या काळ्या कातडीवर थांबला.

"पळाली असतीस तू," तो म्हणाला. "माझ्या हातानं घालवलं गं मी. कधी माफ करशील का न्हाई?"

मी आईकडं बघितलं. आई माझ्याकडं बघत होती.

"व्हय मामा," मी म्हणाले. "तुझ्याच हातानं गेलं."

आईचं सूप थांबलं. मग परत सुरू झालं.