मानेचा रंग

हनुवटीखाली दोन बोटं धरून आपा समोरच्या बाईचा चेहरा खिडकीकडे वळवायच्या. "उजेडात ये गं जरा," म्हणायच्या. नाव विचारणं, खुर्चीवर बसवणं हे सगळं नंतर. आधी त्या ट्यूबलाइट बंद करायच्या, कारण "ट्यूबलाइट झूट बोलती" असं त्यांचं ठाम मत होतं. मग नुसतं बघत राहायच्या. इतका वेळ कुणी आपल्याकडे असं बघावं याची आपल्याला सवय नसते. तुम्ही तिथे उभ्या असतात तर तुम्हीही आधी हसला असतात आणि मग ते हसू हळूहळू आटलं असतं.

उस्मानपुऱ्यात शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. दाराला पडदा, पडद्याला सेफ्टी पिनेनं अडकवलेली 'फक्त महिलांसाठी' ही पाटी. सगळ्या त्यांना आपा म्हणायच्या. वय पन्नाशीच्या पुढे. कानशिलावरचे केस पांढरे झालेले, ते तसेच ठेवलेले. पार्लर चालवणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर सुरम्याशिवाय काही नाही, याचं नव्या बायकांना नवल वाटायचं. एकीनं विचारलंच. आपा म्हणाल्या, "मी आरशात बघत बसले तर तुमच्याकडं कोण बघंल?"

मी गंगापूरकडच्या एका खेड्यातली. शहरात साडीच्या दुकानात काउंटरवर नोकरी लागली आणि आठवड्यातच मालकीणबाईंनी सांगितलं, "जरा मेकअप करून येत जा." मेकअप म्हणजे पावडर, एवढंच मला ठाऊक. मी पावडर वाढवली. अजून वाढवली. शेवटी शेजारच्या काउंटरवरच्या मुलीनं मला आपांकडे पाठवलं.

आपांनी मला उजेडात घेतलं, वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "मुंडकं कुणाचं आणलंस गं?"

हातात आरसा दिला. वर पांढराफटक चेहरा आणि खाली माझी सावळी मान. मी रडायच्या बेतात होते, पण त्या इतक्या मनापासून हसल्या की मलाही हसू फुटलं.

"रंग घ्यायचा तर मानेला विचारून घ्यायचा," त्या म्हणाल्या. "मान कधी फसवत नाय."

माझ्या सुटीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे शिकायला जायची. तोंड साध्या पाण्यानं धुवायचं, टिपायचं, घासायचं नाही. क्रीम वाटाण्याएवढं. फाउंडेशन मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून बघायचं. जे लावल्यावर दिसेनासं होतं ते आपलं. काजळाची रेघ बारीक. लिपस्टिक ओठांवर फिरवायची नाही, बोटानं टेकवायची. एवढं सगळं झालं की त्या ओला कापूस हातात द्यायच्या. "आता यातलं निम्मं पूस."

"मग लावलं कशाला?"

"आता कुणी म्हणलं छान दिसतेस, तर ते तुला म्हणलं. पावडरला नाय."

त्यांनीही उमेदीच्या काळात नवरदेवांच्या पसंतीच्या गोऱ्यापान नवऱ्या करून दिल्या होत्या. स्वतःच्या लग्नाची गोष्ट त्या रंगवून सांगायच्या. निकाहच्या दिवशी त्यांना एवढं रंगवलं होतं की दुसऱ्या सकाळी तोंड धुऊन त्या चुलीपाशी गेल्या तर सासूनं विचारलं, "तू कोण? दुल्हन कुठं गेली?" खोलीतल्या सगळ्या बायका हसायच्या. आपाही हसायच्या, पण पुढे म्हणायच्या, "नंतर लई दिवस घरातले माझ्याकडं असंच बघायचे. दुल्हन कुठं गेली?"

मी तेव्हा पुंडलिकनगरला मावशीकडे राहायची. माझी मावसबहीण मनीषा माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी, रंगानं माझ्यासारखीच. तिचं लग्न जालन्याला ठरलं. बघायला आलेल्या मुलाची आत्या चहा पिता पिता म्हणाली होती, "मुलगी सावळी आहे, पण चालेल." मावशीच्या मनात ते 'पण' रुतून बसलं. उठता बसता ती मनीषाच्या तोंडाकडे बघायची.

त्याच सुमारास माझ्या शेजारच्या काउंटरवरची मुलगी गोरी व्हायला लागली. खरंच व्हायला लागली. दोन आठवड्यांत तिच्या चेहऱ्यावर अशी काही झाक आली की गिऱ्हाइकं साड्या सोडून तिलाच विचारायची. ती एक लहानशी डबी लावायची. झाकणावर गुलाब होता आणि आम्हाला वाचता न येणारी अक्षरं. त्यात काय काय आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिच्या ओळखीची एक बाई घरोघर विकायची. मी दोन डब्या आणल्या. एक मला, एक मनीषाला.

आठ दिवसांनी मी आपांकडे गेले. त्यांनी नेहमीसारखी हनुवटी धरली आणि त्यांची बोटं तिथेच थांबली.

"काय लावतेस?"

"काही नाही."

त्यांनी अंगठा गालावरून फिरवला, मग तो नाकाशी नेला. "पोरी, हा रंग तुझा नाय. कुणाचा हाय ते मला नाय माहीत. आजपासून बंद."

मी डबीचं कबूल केलं. घरी गेल्यावर डबी कचऱ्यात टाकली. मनीषाला म्हणाले, "आपा नको म्हणतात." ती आरशासमोर होती. म्हणाली, "आपांचं गिऱ्हाईक कमी होतं ना मग." आणि मी विषय वाढवला नाही. ती सुंदर दिसत होती. मावशी किती तरी दिवसांनी मोकळी हसत होती.

तो उन्हाळा मला अजून आठवतो. आमच्या गल्लीतल्या बायका एकेक करून त्याच रंगाच्या झाल्या. दूध घ्यायला उभ्या असल्या की सगळ्या एकाच घरच्या वाटायच्या. तेच तकतकीत गाल, कातडीखाली तीच ओलसर झाक. आपांकडे येणं मात्र त्यांनी कमी केलं. उजेडात उभं राहायची कुणाचीच तयारी नव्हती. एका दुपारी मी गेले तर आपा रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून खाली रस्त्याकडे बघत होत्या.

"बघ," त्या हळूच म्हणाल्या, "ती चालली. तिच्या मागची पण. मला भ्या वाटतंय गं. का वाटतंय ते सांगता येत नाय."

लग्नाला दहा-बारा दिवस राहिले तेव्हा मेकअप बघायला म्हणून मी मनीषाला आणि मावशीला आपांकडे घेऊन गेले. मावशी जिना चढतानाच कौतुकानं सांगत होती, "बघा आता आमच्या मनीषाला, ओळखणार नाय तुम्ही!"

आपांनी ट्यूबलाइट बंद केली. मनीषाचा चेहरा खिडकीकडे वळवला. बघत राहिल्या. मग डोळ्यांखाली अंगठा दाबला. मग एकदम खाली बसून तिची साडी टीचभर वर केली आणि नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी तिथे खळगा तसाच राहिला. ओल्या पिठात बोट दाबल्यासारखा. आम्ही चौघीही त्या खळग्याकडे बघत होतो. तो भरून यायला किती वेळ लागला!

"पैंजण कधीपासून रुततंय?" आपांनी विचारलं.

मनीषा हसली. "केळवणं चाललीत ना आपा. जाड झाले."

"सकाळी डोळे सुजतात? लघवीला फेस येतो?"

मनीषानं मावशीकडे पाहिलं.

आपा उठल्या, हात पुसले. "मनीषाच्या आई, मी हिला हात लावणार नाय. आधी दवाखान्यात न्या. माझ्या जावेला अशीच सूज होती. आम्ही म्हणायचो, कशी भरली, कशी उजळली. खूश होतो आम्ही. आणि चार महिन्यांत गेली ती."

मावशीचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "लग्नाच्या तोंडावर असं बोलता? तुमची जीभ कशी धजली?"

"वाईट वाटू द्या. पण न्या."

आणि मग आपा माझ्याकडे वळल्या. "तूच सांग. ही पण तीच डबी लावते का?"

मावशी माझ्याकडे बघत होती. मनीषा बघत होती. डबी मी आणली होती आणि मी मावशीच्या घरात राहत होते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

आपांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि ट्यूबलाइट लावली.

जिना उतरताना मावशीनं सांगून टाकलं, त्या बाईच्या तोंडालाच अपशकुन आहे. गल्लीत तिनं ते घरोघर सांगितलं. उरलेल्या बायकाही आपांकडे जायच्या थांबल्या.

तरीही चार दिवसांनी आपा स्वतः पुंडलिकनगरला आल्या. मांडवाचे बांबू येऊन पडले होते. मावशीनं फाटक उघडलं नाही. आपा बाहेर उन्हात उभ्या राहिल्या, एका हातानं फाटक धरून. "मला आत घेऊ नका. लग्नाला बोलावू नका. फक्त लघवी तपासा. एका सकाळचं काम हाय," एवढंच परत परत म्हणत राहिल्या. मी पडद्याआड होते. त्या गेल्यावर फाटकाच्या गजावर त्यांच्या घामेजल्या हाताचा ठसा होता. तोही थोड्या वेळानं वाळला.

लग्न थाटात झालं. दुसऱ्या पार्लरवाल्या बाईनं मनीषाच्या तोंडावर इतके थर चढवले की सूज कुणाला दिसलीच नाही. मंगलाष्टकं चालू असताना ती एकदा डोलली. लोकांना वाटलं, लाजली. मुलाची आत्या जवळ येऊन म्हणाली, "फोटोपेक्षा उजळ आहे हो!" मावशीनं तिचा हात दोन्ही हातांत धरला.

एकविसाव्या दिवशी जालन्याहून फोन आला. मनीषाच्या पायात चप्पल जात नव्हती, डोळे उघडत नव्हते. तिला इथल्या मोठ्या दवाखान्यात आणलं. तपासण्या झाल्या. मूत्रपिंडातून सगळं प्रथिन वाहून चाललं होतं. एक तरुण डॉक्टरीणबाई कॉटपाशी आल्या आणि त्यांनी विचारलं, "चेहऱ्याला काही लावत होता का?"

मावशी म्हणाली, "छे, नाय हो."

तेव्हा मी बोलले. डबी कुठून आली, कुणी आणली, किती दिवस लावली, सगळं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा डब्यांत पारा निघतो. तो कातडीतून आत जातो. मावशीनं माझ्याकडे बघितलंही नाही. त्या आठवड्यात मी माझी ट्रंक उचलून दुकानाजवळच्या मुलींच्या वसतिगृहात गेले.

मनीषा वाचली. बरं व्हायला वर्ष गेलं. सूज ओसरली तसा रंगही गेला आणि तिचे गाल जागोजाग काळवंडले. नवरा दोन-तीनदा भेटायला आला, कॉटच्या टोकाला बसून गेला. नंतर तो यायचा थांबला.

पुन्हा उस्मानपुऱ्याचा तो जिना चढायला मला फार दिवस लागले. आपांचे पाय धरायचे असं ठरवून गेले होते. "आपा, मी त्या दिवशी खोटं बोलले," मी दारातूनच म्हणाले.

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"तू बोललीस तेव्हापासून. चेहरे बघायचाच तर धंदा हाय माझा." त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "मी तिथल्या तिथं म्हणू शकले असते, ही पोरगी खोटं बोलती, डबी हिनंच आणली. नाय म्हणाले. म्हटलं, हिचं छप्पर जाईल. मावशी हाकलून देईल. तुझं छप्पर आणि त्या पोरीचा जीव, दोन्ही माझ्या समोर होतं, आणि मी तुझं छप्पर धरलं. म्हणून आले होते गं फाटकाशी. तुझी चूक तू बोललीस. माझी मी कुणाला सांगू?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर झाकायला काहीच नव्हतं. मला तो बघवला नाही.

मनीषाला मीच त्यांच्याकडे नेलं. ती तोंडाला ओढणी बांधून आली होती. आपांनी ओढणी सोडायला सांगितलं नाही. तीन आठवडे नुसत्या गप्पा मारल्या. चौथ्या आठवड्यात मनीषानं ती स्वतःच सोडली. डागांवर काही लावायचं का, असं तिनं विचारलं, तर आपा म्हणाल्या, "लाव की. थोडं लाव. पण जगाला दिसू नये म्हणून नको. तुला बरं वाटावं म्हणून लाव." काजळ आणि बोटानं टेकवलेली लिपस्टिक, एवढंच लावून मनीषा पुढे एका शाळेच्या ऑफिसात कामाला लागली. डाग अजून आहेत. ती ते झाकत नाही.

आपांची खोली मात्र पुन्हा चाललीच नाही. गल्लीतल्या आणखी दोघींना सूज आली, एक गेली. तरी लोक म्हणायचे, त्या बाईनं पाहिलं म्हणून झालं. डबीचं नाव कुणी काढत नव्हतं. शेवटी आपांनी भावाकडे हैदराबादला जायचं ठरवलं. जाताना तिकडचा एक फोन नंबर लिहून दिला. मी तो पुष्कळदा लावला. कधी लागला नाही. त्या आहेत की नाहीत, आजही मला माहीत नाही.

आपा निघाल्या त्या दिवशी सकाळी मनीषा आणि मी एसटी स्टँडवर गेलो होतो. आपांनी आम्हाला थांबू दिलं नाही, "जा, कामाला उशीर होईल," म्हणत गर्दीतून गाडीत चढल्या. आम्ही खिडक्यांखाली उभ्या राहिलो. त्या पलीकडच्या बाजूला बसल्या असाव्यात. गाडी मागे आली, वळली, तरी दिसल्या नाहीत. आमच्या बाजूच्या खिडकीत एक अनोळखी म्हातारी होती. आम्ही दोघी हात हलवतोय असं बघून तिनं इकडे तिकडे पाहिलं, आणि मग आमचा हिरमोड नको म्हणून की काय, तिनंच आम्हाला हात केला. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ती हात हलवत राहिली.