अंझिरत आपाची वस्त्रगाळ पूड

आमच्या रिश्तान गावात कुंभाराशी सोयरीक नसलेलं घर शोधायचं तर दिवसभर पायपीट करावी लागेल. अंझिरत आपा अशाच एका वस्ताद कुंभाराची, उस्ता सोतवोल्दींची बायको. बुटकी, जाडजूड, आवाज मात्र गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असा. सात मुलं झाली आणि सातही जगली, एवढं तिचं भांडवल. पण आमच्याकडे ते भांडवल फार मोठं. बाळाला पहिल्यांदा बेशिकमध्ये, म्हणजे आमच्या लाकडी पाळण्यात, पट्ट्यांनी बांधायचं ते अशाच बाईने. त्यामुळे मोहल्ल्यात कुठेही मूल जन्मलं की आपाला बोलावणं ठरलेलं. ती यायची, गादीवर बसायची, पहिला घोट घेऊन म्हणायची, "हा चहा आहे की किटली विसळलेलं पाणी?" आणि मग तीन कप प्यायची.

बेशिकमध्ये मूल तासन्‌तास एका जागी बांधलेलं असतं. उन्हाळ्यात मानेच्या वळ्या, काखा, जांघा लाल होतात, कातडी सोलवटते. पूर्वी दुकानात गोल डब्यातली पावडर मिळायची. सोव्हिएत संघ मोडला आणि इतर पुष्कळ गोष्टींबरोबर तीही मिळेनाशी झाली. त्र्याण्णव साली आपाला आपल्या आजीची रीत आठवली. डोंगरातली पांढरी माती भिजवायची, निवळवायची, वाळवायची, जात्यावर दळायची, त्यात स्टार्च मिसळायचं आणि मार्गिलानच्या रेशमातून वस्त्रगाळ करायचं. पूड चहाच्या रिकाम्या डब्यांत भरून ती घरोघर द्यायची. त्याबद्दल कधी काही घेतलं नाही. कोणी रोटी हातावर ठेवलीच, तर "कडेला करपली आहे" असं म्हणून घ्यायची.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. मुहय्यो, माझी थोरली, तेव्हा सहा महिन्यांची होती. आपाने दिलेली पूड मी दोन बोटांत चोळून पाहिली, हुंगून पाहिली, आणि मुलीच्या मानेला लावली. लोण्यासारखी मऊ होती. यात काय काय आहे आणि ती कशी दळली, हे मी विचारलं नाही. अनोळखी पूड हुंगू नका म्हणून वर्गात पोरांचे कान धरणारी मी.

पुढच्या वसंतात आपाचा नातू दोनियोर आजारी पडला. पाच महिन्यांचं पोर पांढरंफटक झालं. दूध ओकायचं, चार-चार दिवस शी व्हायची नाही, किरकिर थांबायची नाही. आपाने दृष्ट काढली, मुल्लाकडून पाणी फुंकून आणलं. शेवटी सून मतलूबाने हट्ट धरला आणि पोराला फरगान्याच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरने रक्त काचेवर पसरून पाहिलं. लाल पेशींवर निळसर ठिपके होते. त्याने विचारलं, "घरात शिसं कुठे आहे?"

उस्ता सोतवोल्दींनी मान खाली घातली. भांड्यांची झिलई शिशाची. शिसं भाजून, दळून ती उस्ता स्वतःच तयार करायचे, आणि तेही घराच्या अंगणात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी झिलईचं सगळं काम भावाच्या कारखान्यात हलवलं. कामाचे कपडे जाळले. अंघोळ करूनच घरी येऊ लागले. मतलूबाला पोरासकट कोकंदला माहेरी पाठवलं. तिचे वडील रेल्वेत कारकून, आणि त्यांच्या गल्लीत कुंभार औषधालासुद्धा सापडायचा नाही. दोन महिन्यांत पोर गुटगुटीत होऊन येईल, असं आपाने गल्लीभर सांगून टाकलं.

मतलूबा पाच आठवड्यांतच परत आली. पोराला मान धरवत नव्हती. सून सासूला अया म्हणायची. उंबऱ्यातूनच ती म्हणाली, "अया, तिथे कुठे होती हो माती न् झिलई? मग हा असा का झाला?"

आपाने सुनेचं बोचकं सोडलं आणि एकेक वस्तू बाजूला ठेवली. कपडे कोकंदच्या पाण्यात धुतलेले. दूध आईचं. पाळणा माहेरचा. या घरातून त्या घरी पोराबरोबर गेलेली आणि रोज त्याच्या अंगाला लागलेली वस्तू एकच होती. तो पुडीचा डबा ओढणीखाली धरून ती तडक शाळेत आली.

"मास्तरीणबाई, तुमच्या त्या बाटल्यांत शिसं दिसतं म्हणे."

"दिसतं."

"मग दाखवा मला."

मी चिमूटभर पूड आम्लात घालून गरम केली, गाळली, थोडी निवू दिली आणि पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले. नळी पिवळी झाली. अंड्याच्या बलकासारखी पिवळी. दहावीच्या वर्गात हा प्रयोग केला की पोरं टाळ्या वाजवतात.

"रंग छान आला," आपा म्हणाली. कुंभाराचीच बायको ती. मग म्हणाली, "म्हणजे आहे."

"आहे. आपा, पूड दळता कशावर?"

"जात्यावर. अजून कशावर दळणार, तुमच्या डोक्यावर?"

"कुठल्या जात्यावर?"

"आमच्याकडे काय जात्यांचं दुकान आहे? यांचंच."

"झिलईचं शिसं दळतात तेच?"

"धुऊन घेते ना मी! तीन पाण्यांनी धुते. तीन पाण्यांनी धुतलं की पाक होतं, हे तुम्हाला घरात कोणी शिकवलं नाही?"

मला शिकवलं होतं. आमच्याकडे प्रत्येकाला शिकवतात. कपडा असो, भांडं असो, तीन पाण्यांनी धुतलं की ते पाक, म्हणजे धर्माप्रमाणे शुद्ध, आणि त्याबद्दल कोणी शंका घेत नाही.

"पाक होतं, आपा. पण शिसं जात नाही. दगडाच्या बारीक भोकांत बसतं आणि पुढच्या दळणात उतरतं. पोर श्वासातून घेतं, हात सुटले की बोटं चाटतं."

तिने नळी माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली आणि परत दिली.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरात जे बोलणं झालं ते मला मतलूबाने नंतर सांगितलं. उस्ता म्हणाले, "माती संपली म्हणून सांग. नवं जातं आणू. गवगवा कशाला? पोरं आपोआप बरी होतील."

"वीस घरांत डबे आहेत, अहो. ते संपेपर्यंत थांबू?"

"एकदा बोललीस तर परत कोणी तुला पाळण्याजवळ उभी करणार नाही. तीस वर्षांचा मान आहे तुझा."

"माहीत आहे मला. दिवा मालवा, झोपा."

दोन दिवसांनी चौकातल्या घरी बेशिक बांधायचा समारंभ होता. घर बायकांनी भरलेलं. रीत अशी, की बांधणारी बाई बाळाला मुद्दाम उलटं, पायाच्या जागी डोकं करून ठेवते आणि विचारते, "असं?" सगळ्या जणी ओरडतात, "नाही, उलट!" हसणं-खिदळणं होतं, साखर उधळतात. आपाने बाळ हातात घेतलं, पण पाळण्यात ठेवलंच नाही.

"आधी ऐका," ती म्हणाली. "माझ्या पुडीत शिसं आहे. झिलईच्या जात्यावर दळत होते मी. माझा दोनियोर त्यानेच आजारी पडला. ज्यांच्याकडे डबा आहे त्यांनी आज परत द्या, आणि पोरांना उद्या फरगान्याला न्या. खोटं वाटत असेल तर मास्तरीणबाईंना विचारा."

कोणी मला काही विचारलं नाही. घरातल्या म्हाताऱ्या आजी उठल्या आणि त्यांनी आपाच्या हातातून बाळ काढून घेतलं. हळूच घेतलं, पण घेतलं. पाळणा दुसऱ्याच कोणी तरी बांधला. आपा शेवटपर्यंत बसून राहिली. पुढ्यात आलेला चहा तिने मुकाट्याने प्यायला.

डबे गोळा करायला ती स्वतः हिंडली. एकोणीस मिळाले. विसाव्या घरची बाई म्हणाली, "आमच्या पोराला काही झालेलं नाही, राहू दे." आपा आत शिरली, फळीवरून डबा उचलला आणि चालती झाली. त्यावरून आठ दिवस भांडण चाललं. अकरा पोरांचं रक्त तपासलं, सात जणांच्या रक्तात ठिपके निघाले. त्यांत माझी मुहय्यो होती. थोडेच होते, वेळेत कळलं, बरी झाली. दोनियोरही वाचला, पण बोलायला लागला साडेतीन वर्षांचा झाल्यावर. त्या दिवसांत मला आपाचा राग यायचा, तिच्यापेक्षा जास्त स्वतःचा. पण स्वतःवरचा राग काढणार कुठे?

आपाला नंतर कोणी बोलावलं नाही. म्हणजे लग्नाला, बारशाला बोलवायचे. पाळणा बांधायला नाही.

दोन वर्षांनी मला मुलगा झाला. सासूबाईंनी विचारलं, "बांधायला कोणाला सांगू?" आपाची सातही मुलं अजून धडधाकट होती. तिच्या हाताला काही चिकटून राहिलेलं नव्हतं, हे मोहल्ल्यात सगळ्यांत नीट मला समजत होतं. तिने तोंड उघडलं नसतं तर मुहय्योला मी ती पूड आणखी किती दिवस लावत बसले असते, हेही मला समजत होतं. मी पलीकडच्या गल्लीतल्या बाईचं नाव सांगितलं.

आपा पाहुणी म्हणून आली. दाराजवळ बसली. त्या बाईने बाळ उलटं ठेवून "असं?" विचारलं, सगळ्या ओरडल्या, साखर उधळली गेली. मग पट्ट्या आवळल्या. बाळ रडायला लागलं, ते थांबेना. बायका म्हणाल्या, सुरुवातीला रडतातच. आपाने मला हाताने जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मास्तरीणबाई, तिला सांगा, छातीवरची पट्टी दोन बोटं सैल कर म्हणावं. मी हात लावत नाही."

मी जाऊन सांगितलं. पट्टी सैल झाली, पोर गप्प झालं. "तुम्हीच या, आपा," एवढं म्हणायचं होतं मला, आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले नाही. याची लाज मला आजही वाटते.