धाकटीच्या वॉर्डातल्या रिकाम्या खाटा

माझी धाकटी जाऊ नर्स आहे. साधीसुधी नाही, आयसीयूतली, आणि तिथेही हृदयाच्या रुग्णांची. लग्न होऊन घरात आली तेव्हा इतकी लहानखुरी आणि हळू बोलणारी, की मला वाटलं, ही काय माणसांना सुया टोचणार! मग एकदा माझ्या तळहातात कात्री घुसली, तेव्हा हिने मला असं काही दरडावलं की मी रडायचीच विसरले. तेव्हापासून आमचे हे तिला ‘सिस्टर’ म्हणून चिडवायला लागले. ह्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. संध्याकाळी काळे हात घेऊन यायचे आणि तिच्याशी दोन शब्द भांडल्याशिवाय ह्यांना घास गिळत नसे. सख्ख्या बहिणीचेही कोणी इतके लाड करत नाही. हे मी हेव्याने म्हणत नाही. बरं, थोडं हेव्याने म्हणते.

तिला एक खोड आहे. वॉर्डातली खाट तिला उघडी बघवत नाही. रुग्ण हलला रे हलला, की ही चादर बदलून, कोपरे गादीखाली घट्ट खोचून, ऑक्सिजनची नळी तपासून मोकळी. ‘माणूस दारात येईल तेव्हा शोधाशोध नको,’ म्हणायची. घरीही तेच. पाहुणा उठला की गादी झटकलीच. हे म्हणायचे, “सिस्टर, मी अजून जिवंत आहे, मला तरी उठू दे!”

मग टाळेबंदी लागली. माझे दीर कामासाठी परगावी गेलेले, ते तिकडेच अडकले. घरात आम्ही तिघं उरलो. हॉस्पिटलचा मोठा भाग नव्या आजाराला दिला आणि हिचा हृदयाचा वॉर्ड दुसऱ्या टोकाला तसाच ठेवला. मला वाटलं, बिचारी आता कामाने पिचून जाणार. झालं भलतंच. तिच्या वॉर्डात कोणी येईचना. एरवी तिथे खाट मिळावी म्हणून लोक ओळखी काढत फिरायचे. आता दोन म्हातारे तेवढे होते आणि बाकी सगळ्या पांढऱ्याशुभ्र चादरी. तिथले डॉक्टर म्हणाले, “हार्ट अटॅकनेही घरूनच काम सुरू केलंय वाटतं!” सगळे हसले. हिला काही हसू आलं नाही.

“ताई, माणसं आजारी पडायची थांबलेली नाहीत हो,” ती मला म्हणाली. “घरी बसलीयत. छातीत दुखतंय आणि घाबरून बसलीयत.” रोज सकाळी ती त्या रिकाम्या खाटांच्या चादरी बदलायची. कोणी झोपलंच नव्हतं, तरी बदलायची. सांगायची, “प्रत्येक खाटेवर कोणीतरी असायला हवं होतं, असं सारखं वाटत राहतं. मान वळवली की कोणीतरी पडलेलं दिसेल असं वाटतं.”

आणि हीच बाई घरी काय करायची? आम्हाला धाक! ‘हॉस्पिटलच्या वाटेला जायचं नाही. आत गेलेली माणसं परत येताना मी पाहत नाही. काही झालं तरी आधी मला सांगा.’ कारण पलीकडच्या इमारतीतून काय काय बाहेर निघतं, ते ती रोज बघत होती. तिकडे रुग्ण का येत नाहीत म्हणून जीव तोडायची आणि इकडे आम्हालाच उंबऱ्याच्या आत कोंडायची. ह्यात काही चुकतंय, हे ना तिला कळलं ना आम्हाला. तिचा शब्द म्हणजे ह्यांना ब्रह्मवाक्य. तिने आणखी एक नियम केला होता. कामावरून आली की मागच्या दाराने थेट अंगणातल्या न्हाणीत जायची. कपडे गरम पाण्यात टाकून, डोक्यावरून अंघोळ करून बाहेर येईपर्यंत कोणी जवळ फिरकायचं नाही, हाक मारायची नाही.

त्या दिवशी दुपारी ह्यांना कसंतरी व्हायला लागलं. छातीत जळजळतंय म्हणाले आणि पित्ताची गोळी घेतली. मग खांदा दाबत बसले. चेहरा पार उतरला, कपाळावर घाम. मी म्हटलं, “रुग्णवाहिका बोलावते.” तर अंगावर ओरडले, “डोकं फिरलंय का तुझं? आत गेला तो गेला, असं तीच सांगते ना? तिला येऊ दे. ती बघेल.” मी तिला फोन लावत राहिले, पण कामावर तिचा फोन पिशवीत गुंडाळून कपाटात असायचा. रुग्णवाहिकेचा नंबर फिरवायला लागले, तर ह्यांनी फोन हिसकावून मांडीखाली धरला. साठीला आलेला माणूस! मी भांडले, रडले, हात जोडले. ह्यांचं आपलं एकच, ती येईल.

ती आली. मागचं फाटक वाजलं तसे हे उठले. मी पुढे निघाले तर म्हणाले, “तू नको. तू तिला घाबरवून सोडशील.” भिंतीला धरून अंगणात गेले. न्हाणीत पाण्याचा आवाज सुरू झाला होता. “सिस्टर, अगं...” एवढं मला खिडकीतून ऐकू आलं. आतून ती ओरडली, “भाऊजी, जवळ येऊ नका! थांबा जरा, अंघोळ होऊ दे!”

आणि हे थांबले. जन्मभर कोणाचं म्हणून ऐकलं नाही ह्या माणसाने, आणि तेव्हा ऐकलं! पायरीवर बसले. मी ओरडत बाहेर धावले तोवर कलंडले होते. माझा आवाज ऐकून ती अंगावर ओला गाऊन ओढून बाहेर आली, आणि तशीच फरशीवर गुडघे टेकून ह्यांची छाती दाबायला लागली. मोठ्याने मोजत होती. मी रुग्णवाहिका बोलावली. नखशिखान्त झाकलेली दोन माणसं आली आणि ताप होता का, खोकला होता का, विचारत राहिली. “हार्ट आहे हो, हार्ट!” ती किंचाळली. सगळं संपलं होतं. तिला ओढून बाजूला करावं लागलं.

ती कामावर जात राहिली. टाळेबंदी उठली, दीर परत आले, वॉर्ड पुन्हा भरला. पण येणारे फार उशिरा येतात, म्हणायची. महिनोन्महिने अंगावर काढलेलं दुखणं, हृदयाचा पार चोथा झालेला. ती सगळं करायची, पण घरात माझ्या नजरेला नजर देत नव्हती. मला वाटायचं, तिला माझा राग दिसतो. राग होताच. का नसावा? बारा खाटा रिकाम्या ठेवून माझा नवरा पायरीवर गेला.

एकदा दुपारी आम्ही दोघी गहू निवडत बसलो होतो. तिने विचारलं, “ताई, भाऊजी तेव्हा मला काय सांगायला आले होते?”

मला तिची दया आली. म्हटलं, “काही नाही गं. चहा टाकू का, विचारायला आले असतील. तुला काय ठाऊक, त्यांना काय होतंय ते! तू तर आत होतीस.”

तिने गव्हातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“दाराला फट आहे, ताई,” ती म्हणाली. “मी पाहिलं होतं. हात छातीवर होता त्यांचा. रंगही पाहिला. मला कळलं होतं. कळूनही तोंडातून थांबा असंच आलं.”

मी तिच्या मुस्काटात मारली असती. हात उचललाही होता. पण ती तोंड पुढे करून बसली होती, वाट बघत. तशी वाट बघणारं माणूस मी एकदा पाहिलं आहे, त्या पायरीवर. मी हात खाली घेतला आणि तिला जवळ ओढलं.

अजूनही आम्ही एकाच घरात राहतो. तिला मी माफ केलेलं नाही. आणि तिला यायला उशीर झाला की मी फाटकापाशी जाऊन उभी राहते.