‘तुझ्या’तला तु

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि ते स्वतः शिक्षक होते.

नव्वदच्या दशकात मी अंथुर्ण्याजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचे. चांगलं शिकवायचे — हे सांगताना आजही लाजत नाही. ओवी कुठली, अभंग कुठला, हे माझी पोरं नुसत्या ठेक्यावरून ओळखायची. बाकावर बोटं आपटत लघू-गुरू मोजायची. बारामतीच्या काव्यस्पर्धेत आमचा नंबर ठरलेला. वृत्तं शिकावीत तर त्या बाईंकडं, असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

नववीत सुजाता होती. वडील साखर कारखान्यात फिटर. स्पर्धेसाठी मुलं निवडायची म्हणून मी भुजंगप्रयातात एकेक ओळ लिहून आणायला सांगितली — एक लघू, दोन गुरू, असं चार वेळा. सुजातानं फळ्यावर लिहिलं: तुझ्या अंगणी ऊस डोले सुखाने.

मी पहिल्याच अक्षरावर खडू टेकवला. “‘तु’च्या पुढं जोडाक्षर आहे. म्हणजे ‘तु’ गुरू. वृत्त मोडलं.”

ती हळूच म्हणाली, “पन बाई, ‘तु’वर जोर पडतच न्हाय. म्हनून बघा की.”

सगळा वर्ग मनात म्हणून बघायला लागला — ओठ हलताना मला दिसत होते. मी काय केलं? ओळ पुसली. यादीतून तिचं नाव काढलं.

संध्याकाळी घरी व्याकरणाचं पुस्तक उघडलं, तिला दाखवायला म्हणून. नियमाखाली बारीक अक्षरात अपवाद होता — जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत नसेल, तर ते लघूच धरावं. इतकी वर्षं हे नजरेतून सुटलं कसं? की मी तिथवर कधी वाचलंच नव्हतं?

इथवर चूकच होती. चूक कुणाचीही होते. पण पुढचं —

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. पाळी संपवून तसेच, हाताला ग्रीस. दारातच थांबले.

“बाई, पोरगी रातीपासनं जेवली न्हाय. तिचं कुठं चुकलं तेवढं सांगा. तुमी सांगाल ते खरं.”

पुस्तक माझ्यासमोर टेबलावर होतं. हात लांबवला असता तर पान निघालं असतं.

“चुकलीच आहे ती,” मी म्हणाले. “आणि उलट बोलायलाही लागलीय.”

त्यांनी मान खाली घातली. “व्हय बाई. सांगतो तिला.”

सुजातानं वर्गासमोर माझी माफी मागितली. मी ती मागू दिली. स्पर्धेला दुसरी मुलगी गेली, पहिली आली. ढाल घेऊन मी फोटोला मधोमध उभी राहिले — ताठ मानेनं.

पुढच्या वर्षी दहावीला तो अपवाद मी शिकवला, जणू मला पहिल्यापासून ठाऊक होता. सुजाता दुसऱ्या बाकावर होती. तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं. एकदाही वर पाहिलं नाही.

निरोप समारंभात मुलांच्या वतीनं तीच बोलली. “आमाला कविता बाईंनी शिकवली,” म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

टाळ्या वाजल्या. मी उठून उभी राहिले, आणि त्या घेतल्या.