कोटाच्या आतली गोधडी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जर्मनीतल्या एश्बॉर्न स्टेशनवर एस-बान लोकलची वाट बघत होते. त्यानंतर तीन गाड्या आल्या आणि गेल्या, मी एकीतही चढले नाही. आज दीड महिना झाला... तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, गावही नाही, ओळखू येतील अशा खुणाही बदलल्यात. तिच्या आईला ही पुरवणी कुणी ना कुणी वाचून दाखवेल, आणि त्या माउलीला एक गोष्ट कळू नये म्हणून ताई आयुष्यभर जपली. मी तिला ताई म्हणायचे, तेवढं पुरे.

आमची ओळख म्युनिकजवळच्या गार्चिंगची. मी तिथे पीएचडी करत होते. ती म्युनिकच्या एका प्रयोगशाळेत हिपॅटायटिस बी या यकृत पोखरणाऱ्या काविळीवर काम करायची. घर दोघींत मिळून घेतलेलं. ताई भयंकर शिस्तीची, काचेची बाटली चुकीच्या डब्यात गेली तरी मला बोलणी बसायची. तिचा नेलकटर वेगळा, त्याला लाल दोरा बांधलेला. "काय हे सोवळं!" म्हणून मी चिडवायचे. एका रविवारी माझा सापडेना म्हणून मी तिचा उचलला, आणि धांदलीत बोट कापून घेतलं. ते पाहून ती अशी किंचाळली, की शेजारच्या जर्मन आजींनी बेल वाजवली. त्याच तासाला तिनं मला इस्पितळात नेऊन लस टोचवली. परतताना ऊ-बानमध्ये, त्या भुयारी गाडीत, मान खाली घालून म्हणाली, "मला आहे गं तो आजार. जन्मापासून. आईकडून."

"काकूंना माहितीय?"

"नाही. आणि कळणारही नाही. ती स्वतःला कधी माफ करणार नाही."

"अगं, पण त्यांची तपासणी?"

"दर सुट्टीत करते की. शुगरची म्हणून."

बाळाला पहिल्याच दिवशी लस मिळाली, तर आईकडून होणारी ही लागण बहुतेक वेळा टळते. ताईला ती मिळाली नव्हती. ध्रुवाकडच्या एका देशात हा आजार संपवायची मोहीम चालली होती, तिथे जायला दरवर्षी पहिला हात हिचा वर. ऑक्टोबर लागला की हीटरला चिकटून बसणारी ही बाई! "एवढ्या थंडीत लस छानच टिकत असेल नाही?" मी एकदा अक्कल पाजळली. "तिथेही पुष्कळांना तसंच वाटायचं," ती म्हणाली. "गोठली की संपली लस. दिसते तशीच, उपयोग शून्य." लांबच्या वस्त्यांपर्यंत बर्फावरून जाताना कुप्या गोठू नयेत म्हणून तिनं आईकडून जुन्या लुगड्यांची एक गोधडीची पिशवी शिवून घेतली होती. काकूंची समजूत, पोरगी गरम पाण्याची पिशवी ठेवून पोट शेकते. ताई तिच्यात कुप्यांचा डबा घालून ती कोटाच्या आत गळ्यात अडकवायची. बाळ जन्मलं, लस टोचून झाली, की पिशवीवर लाल दोऱ्याचा एक टाका. शिवण तिला कधी आली नाही, सगळे टाके वाकडे.

मागच्या हिवाळ्यात मात्र ती गेली नाही. थकवा आहे म्हणाली. यकृतात गाठ निघाली, पसरलेली. दुसऱ्यांच्या बाळांमागे धावताना तिनं स्वतःच्या तपासण्या दोनदा चुकवल्या होत्या. याचा मला अजून राग येतो... तिचा, आणि कधी न विचारणाऱ्या माझाही. शेवटच्या भेटीत तिनं माझा हात धरला. "आई विचारेल, कुठून लागलं. सांग, तिकडे उत्तरेत काम करताना." मग ओढूनताणून हसली. "बिचाऱ्या उत्तरेवर उगाच आळ!"

काकूंनी विचारलंच. दिवस झाल्यावर त्यांचा फोन आला, "कुठून लागलं गं तिला हे?" मी पढवलेलं बोलले. त्या म्हणाल्या, "तिची ती गोधडीची पिशवी तेवढी पाठव मला." टाके निघतात का पाहिलं, पण हात धजावेना. तशीच पाठवली.

परवा पुन्हा फोन. "अगं, हे लाल टाके माझे नाहीत. कसले आहेत?"

काय सांगू, काय लपवू... शेवटी सांगून टाकलं, की पिशवीत बाळांची लस असायची, आणि एक टाका म्हणजे एक बाळ. काकू बोटानं टाके चाचपत असाव्यात.

"म्हणजे माझ्या गोधडीत ठेवलेल्या लशीनं एवढी लेकरं वाचली?"

"हो, काकू."

त्यांच्याशी आजवर ताईच्या आजाराविषयी मी जे काही बोलले, त्यातलं हेच काय ते खरं.