हाडांची भुकटी

आमची कपिली गाय मेली, तेव्हा घरच्यांनी तिला वस्तीबाहेर, आमच्या शेताच्या कुंपणापलीकडे नेऊन टाकलं. मागे लहान कालवड राहिली. उन्हाळ्यात एक म्हातारा ठेला घेऊन तिथे हाडं वेचायला आला. वासामुळे त्याला कुणी दाराशी थांबू देत नसे. मी कुंपणापाशी उभी होते. कपिलीचं डोकं त्याने दोन्ही हातांनी उचललं, फडक्याने माती पुसली आणि ठेल्यावर अलगद ठेवलं.

अनोळखी माणसाशी मी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले.

"कुठं नेता बाबा हे?"

"गिरणीत. भुकटी करते, खताले. हाड मातीत हळूहळू विरते बाई, पण झाडाले लागते."

"आमच्या कपिलीची थोडी भेटन काय?"

पुढच्या खेपेला त्याने पुडी आणली. "तुमच्याच गाईची आहे असं खोटं नाही सांगत. सगळ्याइची मिळून आहे."

मी ती संत्र्याच्या बुंध्याशी घातली. दोन पावसाळ्यांनी झाडाला पहिल्यांदा फळ धरलं. तो आला तेव्हा एक संत्रं मी त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते तिथेच उभ्याने खाल्लं आणि साल कपिलीच्या कालवडीपुढे धरली. साल संपली तरी ती त्याचा हात चाटत राहिली, आणि त्यानेही तो मागे घेतला नाही.