झोक्यावरची टाकी

सोनईच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला रंगनाथची वस्ती आहे. नांगरलेलं रान नुसतं लांबून पाहिलं तरी ते रंगनाथचं हे कुणीही ओळखावं. नांगराचा तास बांधापासून सुतासारखा सरळ निघतो आणि मध्येच, कुणी मागून हाक मारल्यासारखा, हलकेच डावीकडे कलतो. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा शहाण्यासारखा ओळीत येतो. त्या वळणावर रंगनाथची तंद्री लागलेली असते. कधी ढगांमुळं, कधी बगळ्यांमुळं, आणि बहुतेक वेळा कशामुळंच नाही.

या तंद्रीला सोबत होती एका जुन्या ट्रॅक्टरची. तो घेतला रंगनाथच्या वडिलांनी. म्हातारा दिवसभर त्याच्यावर बसून असायचा, त्यामुळं रंगनाथची नवी नवरी छबूबाई इंजिनाचा आवाज आला की डोक्यावर पदर घ्यायची. सासरे जाऊन वर्षं लोटली, पण पदर अजून वर जायचाच. आजवर तिनं त्या ट्रॅक्टरला बोट लावलं नव्हतं. "मामंजींच्या अंगाला हात कसा लावायचा?" असं तिचं सरळ म्हणणं.

तर अशा या वडीलधाऱ्या ट्रॅक्टरची डिझेलची टाकी आतून गंजली. गंजाचे पापुद्रे सुटायचे, फिल्टरमध्ये जाऊन बसायचे, आणि इंजिन खोकत खोकत गप्प व्हायचं. रंगनाथ फिल्टर काढायचा, फुंकायचा, लावायचा. पुढच्या बांधापर्यंत पुन्हा तेच. शेवटी उन्हाळ्यात ट्रॅक्टर भर रस्त्यात एका वरातीपुढं बंद पडला. बँडवाले त्याला वळसा घालून वाजवत राहिले, नवरदेवाची घोडी बुजली, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून रंगनाथ मात्र शेवटपर्यंत गाणं ऐकत बसला.

मुलगा आदिनाथ नागापूरला कारखान्यात कामाला. त्या वरातीत त्याचे मित्र होते. तो घरी येऊन म्हणाला, "अण्णा, आता बास झालं. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय मी. पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी टेम्पो येईल त्याचा."

रंगनाथ उठून ट्रॅक्टरजवळ जाऊन बसला. रात्री जेवलाही नाही. तेव्हा आदिनाथलाच कसंतरी झालं. "बरं, असं करू. पोळ्याला सगळ्यांचे ट्रॅक्टर वेशीपर्यंत मिरवत्यात. आपला सोताच्या पायानं गेला आन आला, तर ऱ्हाऊ द्या. वाटंत बंद पडला, तर तिथूनच टेम्पोत."

"येईल की," रंगनाथ म्हणाला आणि भाकरी मागितली.

आता टाकी धुवायची कशानं? रंगनाथला आठवली साखर कारखान्यातली ट्रॉल्यांची रांग. उसाच्या ट्रॉलीवर बसून नंबराची वाट बघताना त्याला एक जुनी साखळी दिसली होती. अर्धी गंजून तांबारलेली, आणि जिथं मळी सांडली होती तेवढी अर्धी नव्यासारखी. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा, गोड चिकटा. तासभर त्या साखळीकडे बघत बसल्यामुळं त्याचा नंबर हुकला होता. तो तास आता कामाला आला.

टाकी उतरवून त्यानं आतलं डिझेल जाईपर्यंत खंगाळली, मळी आणि पाणी कालवून काठोकाठ भरली आणि लिंबाच्या फांदीला दोरखंडानं टांगली. मुंग्या शिरू नयेत म्हणून झाकणावर ट्यूबचा रबर घट्ट आवळला. इथंच चुकलं. ऊन होतं, मळी होती, आतला वारा बाहेर पडायला जागा नव्हती. आतलं पाणी आंबलं, फुगलं, आणि एका दुपारी झाकण फटाक्यासारखं उडून गोठ्याच्या पत्र्यावर पडलं. काळा फेस लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेला. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या रंगनाथच्या अंगणात दारूच्या भट्टीचा घमघमाट सुटला.

शेजारचा बजरंग बांध ओलांडून आला, हातात रिकामा तांब्या. "रंगाभाऊ, कवापासून? आन आमाला सांगितलं पण न्हाई?"

"टाकी धुतोय बजरंगा."

"व्हय व्हय. समदे टाकीच धुत्यात. वाईच दे की, मीबी धुतो."

"दे त्याला," छबूबाई ओट्यावरून म्हणाली. "पोटातला गंज जाईल त्याच्या."

झाकण सैल ठेवून मळी पुन्हा भरली. पोळा जवळ आला तेव्हा ती ओतून देऊन रंगनाथनं उरलेला गंज घासायला आत कालव्यावरची गुळगुळीत खडी टाकली, थोडं डिझेल टाकलं, आणि टांगलेल्या टाकीला खाली बाजेवर पडून झोका द्यायला लागला. दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. खळ्ळ खळ्ळ... खळ्ळ खळ्ळ... दूर कुठंतरी नदी वाहावी तसा आवाज. लिंबाची सावली बाजेवरून सरकत होती, पिवळी पानं गिरक्या घेत उतरत होती. रंगनाथला वाटलं, आपण कालव्याच्या पाण्यावरून ट्रॅक्टर चालवतोय, चाकांखाली चिखल नाही, नुसतं आभाळ; आणि मागं नांगराचा तास पडतोय तोही पाण्यातच, वाकडा, आणि लगेच मिटतोय.

"झोपलं का बाळ?" छबूबाईनं विचारलं.

"हं?"

"टाकी वो. का तुमीच झोपला?"

पोळ्याच्या दुपारी खडी काढून आत बॅटरीचा उजेड मारला. पत्रा आरशासारखा झाला होता. टाकी चढवली, डिझेल भरलं, नळीतली एअर काढली. आणि मग आदिनाथनंच ते पाहिलं. टाकीच्या बुडाशी दोन-तीन थेंब लोंबत होते. पुसले, पुन्हा आले. गंज होता तोवर त्यानंच भोकं बुजवून ठेवली होती. गंज गेला, भोकं उघडी पडली.

"झालं," आदिनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

वेशीकडून हलगी ऐकू यायला लागली. रंगनाथ थेंबाकडे बघत उभा राहिला, आणि या वेळी ती तंद्री नव्हती.

छबूबाई धुणं धूत होती. ती उठली. कपड्यांच्या साबणाची ओली वडी घेऊन आली, डोक्यावर पदर घेतला, टाकीखाली वाकली आणि अंगठ्यानं साबण भोकांत दाबून दाबून भरला. "मामंजी असंच करायचे," ती म्हणाली. "न्हाणीतला साबण पळवायचे, मी बोलू शकत नव्हते."

थेंब थांबले. तिघं वाट बघत राहिले. पुढचा थेंब आलाच नाही.

बटण दाबलं. इंजिन एकदा खाकरलं आणि संथ, ठाय लयीत सुरू झालं. बॉनेटवर झेंडूची माळ, दिव्यांना गुलाल. आदिनाथ मडगार्डवर बसला, पाना हातात घेऊन, कुठल्याही क्षणी उतरायच्या तयारीत. वेशीशी बैलांची शिंगं चमकत होती, बजरंग हात वर करून ओरडत होता, "आली आली, भट्टी आली!" तोरणाखालून ट्रॅक्टर गेला. मारुतीला वळसा घातला. खोकला नाही.

आता घराकडे वळायचं. पण रंगनाथ वळलाच नाही. तो कालव्याच्या रस्त्याला लागला. दोन्ही बाजूंनी ऊस, मध्ये चमकतं पाणी, आणि त्याचा चेहरा कुठंतरी लांब गेलेला. आदिनाथनं हाक मारायला तोंड उघडलं, बापाकडे पाहिलं, आणि पाना सीटखाली ठेवून दिला.

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. टेम्पोवाला वस्तीवर येऊन उभा होता. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना. आदिनाथनं एक कान दाबला आणि ओरडून सांगितलं:

"न्हाई, न्हाई! ट्रॅक्टर घरी न्हाई! बाहेर गेलाय!... कवा येईल? आता ते काय सांगता यायचं न्हाई!"